दहावा रकाना

झुआरीनगरच्या चढावर, पत्र्याच्या खोल्यांच्या तिसऱ्या रांगेत
मी माणसं मोजत होते.
माणशी एक ओळ. खांद्याला सरकारी पिशवी,
पाठीवर फेब्रुवारीचं ऊन.

खोली सतरा. रामअशीष साह, फरशा बसवतो,
गुडघ्यांवर सिमेंटची पांढुरकी खपली.
बायको लालमुनी. मुलगी सहा वर्षांची.
मुलाचं वय विचारलं तर तिनं वर्ष नाही, नदी सांगितली:
सरजू अंगणात चढली त्या साली पोटात होता.

मातृभाषा?
"हिंदी," तो उठून उभा राहिला,
हजेरीत नाव पुकारल्यासारखा. "हिंदी लिखिए, मैडम."
आणि त्याच श्वासात मागे वळून,
"ए लालमुनी, पानी ले आवऽ, मास्टरनीजी आइल बानी."

आइल बानी.
माझं पेन थांबलं.
आलेय मी. आयल्यां हांव. आइल बानी.
हा ल कुठून कुठे चालत आला असेल,
कुणाच्या चपला घालून?

विचारलं, आणि तो गेला, हे कसं म्हणता?
"ऊ गइल," म्हणाला, आणि लाजला,
पाहुण्यांसमोर पोर फाटका फ्रॉक घालून यावी तसा.
"ई त देहाती ह, मैडम. घर के बोली. लिखे वाला ना ह."

लिहायची नव्हे.
हे वाक्य मी ओळखते.
फोंड्याला आमच्या घरी ते पाटावर बसून जेवायचं.
बाबांची पोथी मराठी, पत्रं मराठी,
विंचू चावला त्या रात्री मात्र, "आगे आवय, मेलों!"
दर दहा वर्षांनी कुणी कागद घेऊन यायचा,
बाबा सांगायचे, तो लिहायचा,
आई चुलीपाशी. तिला कुणी विचारलं नाही.
मी हे मराठीत लिहितेय, आवडीनं लिहितेय,
तेही खोटं नाही.

लालमुनीनं गूळ ठेवला, वर पाण्याचा तांब्या.
छठेला बायणाच्या किनाऱ्यावर जातो म्हणाली.
मावळतीचा सूर्य सोपा, समोर समुद्रातच बुडतो.
उगवतीचा अवघड. तो मागून येतो,
टेकडीवरून, तेलाच्या टाक्यांआडून, उशिरा.
कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात आम्ही बाया
समुद्राला पाठ करून उभ्या. सकाळी फिरायला आलेले थबकतात,
ह्या उलट्या का?

मग बंदरातल्या जहाजाकडे हनुवटी करून,
"मिरिच देस कवना ओर बा?"
पणज्याचा भाऊ तिकडे गेला, ऊस तोडायला, पुढे पत्र नाही.
मॉरिशस, मी म्हटलं, आणि बोट कुठे दाखवावं ते कळेना.
तिथं शाळेत आपली बोली शिकवतात म्हणे, ती म्हणाली.
"झूठ," नवरा हसला.
झूठ नाही, मी म्हटलं.
तो बराच वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

बाईची ओळ वेगळी असते.
मी पुन्हा विचारलं, तिलाच.
तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे.
"हम त भोजपुरिए बोलीला."
लिहिलं.

संध्याकाळी वास्कोच्या कचेरीत पर्यवेक्षक वेर्णेकर चश्मा कपाळावर सारून,
"बाई, एका खोलींत दोन मातृभाशा? चूक जाल्या."
चूक ना, म्हटलं.
"वयर सगळें एकठांयच घालतले," त्यांनी पान उलटलं.
घालतीलही.

घरी आले. माझ्या घराचा कागद मी सकाळीच भरला होता,
आईला न विचारता, सवयीनं. तो फाडला, नवा घेतला.
"आई, तुजी भास खंयची?"
एक्याऐंशी वर्षांची ती, ताटाशी माशी हाकत म्हणाली,
"पयलीं जेव गो. निवता."

रकाना कोरा ठेवून
मी हात धुवायला गेले.